व्हिएन्ना, बाईंना न सांगता

२१ एप्रिल २०११, गुरुवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी बाथटबमध्ये उभी राहून बाईंची साडी पायाने तुडवत होते. माझ्या मुलीच्या व्हिएन्नातल्या फ्लॅटमध्ये कपडे धुण्याचं मशीन होतं, पण पहिल्या दिवशी त्यात टाकलेली साडी दोर होऊन बाहेर आली होती. तेव्हापासून दोघींच्या साड्या टबातच. बादली नाही, दगड नाही. पिळून दांडीवर टाकली की खाली पाणी ठिबकायचं आणि ते पुसायला एक माणूस लागायचं. बाई बाहेर बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोरच्या झाडाला नवी पालवी होती, ती बघत.

मुलीने फोन आणून माझ्या ओल्या हातात दिला आणि जाताना बाथरूमचं दार ओढून घेतलं. ती दार ओढून घेणारी मुलगी नाही. मी नळ बंद केला.

गावाहून माझे यजमान बोलत होते. "वहिनी जवळ हाये काय?"

"नाही. बाहेर आहेत. काय झालं?"

"भाऊ गेले."

भाऊ म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. बाई म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. मी तिरोडा तालुक्यातल्या त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा बाई चार वर्षं आधीपासून तिथे चूल सांभाळत होत्या. पुढे मला नर्सची नोकरी लागली आणि नवेगाव बांधकडच्या उपकेंद्रात बदली झाली. ती आठ वर्षं माझी मुलगी बाईंकडे वाढली. तिच्या डोक्याच्या उवा त्यांनी काढल्या, शाळेचे डबे त्यांनी भरले. मुलगी शिकली, नोकरीसाठी व्हिएन्नाला गेली, आणि पहिल्यांदा तिकीट पाठवायची वेळ आली तेव्हा म्हणाली, आई, तू एकटी आलीस तर मी घ्यायला येणार नाही, मोठ्या आईला घेऊन ये. यजमानांना धानाची कामं होती. भासऱ्यांनाही होती. म्हणून आम्ही दोघी जावा, एक पन्नाशीची आणि एक छपन्नची, एप्रिलच्या मध्यात तिथे पोचलो होतो. सहा दिवस झाले होते. पुढच्या मंगळवारी परत निघायचं होतं.

"कधी?"

"दहाले. धानाच्या बांधीतून आले, छातीत दुखते मनले. गाडीत टाकलं. तिरोड्याच्या अलीकडंच संपलं."

"डॉक्टरने पाहिलं?"

"पाहिलं. घरी आनलं आता."

वीस वर्षं माझं कामच हे होतं. अशा वेळी डोकं आपोआप पुढची यादी करू लागतं. मी म्हटलं, "ठेवा. आम्ही उद्या निघतो. शनिवारी पोचतो."

"बेचाळीस हाये इथं उन्ह."

"बर्फ आणा. नवेगावला मासोळीवाल्यांकडे लाद्या मिळतात, मी पाहिल्या आहेत. भुसा घालून आणल्या तर दोन दिवस सहज निघतात."

"भाऊले मासोळीसारखं ठेवू काय? काई बी बोलून राहिली."

त्यांच्या मागे माणसांचा आवाज होता. कुणीतरी बांबूचं विचारत होतं. यजमान म्हणाले, "पाचले उचलतो. अन् तिले तिकडं सांगू नोको. घरी आली का बाया सांगतील."

"काऊन नाई सांगू?" चिडले की माझ्याही तोंडी गावचं येतं.

"परमुलखात कोन धरंल तिले? तिचं बीपी तुले माहीत नाई काय? तूच त नर्स हायस."

मी धरीन, असं म्हणायला पाहिजे होतं. मी "बरं" म्हटलं. फोन बेसिनच्या कडेवर ठेवला, नळ सोडला आणि साडी दोनदा खळबळून पिळून टाकली. तोपर्यंत बाईंनी बाहेरून विचारलंच, "कोनाचा फोन होता वं?" मी म्हटलं, "घरचा. तुम्ही जेवल्या का विचारत होते."

आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे यजमान दुष्ट वाटणार नाहीत. कुणी मेलं आणि बायको शेतात असली, तर तिला शेतात सांगत नाहीत. कुणीतरी बाई जाते, म्हणते, चल, घरी पाहुणे आले, किंवा तुझ्या मालकाला बरं नाही. तिला चालवत अंगणापर्यंत आणतात. अंगणात तोवर भाऊकीतल्या बाया जमलेल्या असतात, आणि ती पडली तर धरायला हात असतात. मी स्वतः किती जणींना असं आणलं आहे. एकीला तर मी उपकेंद्रातून गावापर्यंत अडीच किलोमीटर चालवत आणलं, वाटेत तिच्या कोंबड्यांबद्दल बोलत. रीत चांगली आहे. ती अडीच किलोमीटरसाठी आहे. आम्ही ती सहा हजार किलोमीटरवर लावली.

मुलगी स्वयंपाकघरात कॉम्प्युटर उघडून बसली होती. ईस्टरची सुट्टी लागत होती, विमानं भरलेली होती, तरी तिने शुक्रवार संध्याकाळच्या दोन जागा शोधल्या होत्या.

"संध्याकाळीच देणार आहेत," मी म्हटलं.

"मग तिला सांग तरी. जायचं की नाही ते ती ठरवेल."

"अग्नी दिल्यावर काय ठरवायचं?"

"मी तिच्याशी खोटं नाही बोलणार, आई."

"तुला कोण बोलायला सांगतंय? तू फक्त रडू नकोस."

ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. त्या जागा तासाभरात गेल्या असाव्यात. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी राजवाड्याच्या बागेत जायचं ठरलेलं होतं. बाई तयार होऊन बसल्या होत्या. आरशासमोर कुंकू लावून त्या माझ्याकडे वळल्या, "सरकं लागलं काय वं?" त्यांच्या एका डोळ्याला मोतीबिंदूची सुरुवात होती, म्हणून रोज मलाच विचारायच्या. मी म्हटलं, "बरोबर मधोमध आहे." हे पुढे रोज म्हणावं लागलं.

राजवाडा हळदीसारखा पिवळा होता. मागे बाग आणि बागेच्या शेवटी हिरवी टेकडी, तिच्यावर लोक चढत होते. बाईंना राजवाड्यात रस नव्हता. "एवढ्या खोल्या झाडाले किती बाया लागत असतील," एवढं म्हणाल्या. पण टेकडी त्यांना आवडली. चपला हातात घेऊन गवतावरून चढल्या. वर गेल्यावर आम्ही डबा उघडला. खाली सगळं शहर दिसत होतं, तांबडी कौलं, चर्चचे सुळके, लांब निळे डोंगर. आजूबाजूला गोरी माणसं कपडे काढून उन्हात पडली होती.

"हे काऊन असे पडले?"

"ऊन घेतात. इथे सहा महिने ऊन नसतं."

"मोहफुलं वाळू घातल्यावानी," बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं. माझ्या घड्याळात दीड वाजला होता. गावी पाच.

मुलगी उठून कठड्याकडे गेली आणि शहराकडे तोंड करून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "पोरगी कामानं थकून राहिली."

बाई व्हिएन्नात खूश होत्या, हे नीट सांगितलं पाहिजे. मी त्यांना तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. घरी त्या पहाटे उठायच्या ते रात्री आडव्या होईपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देत असायच्या. तिथे हाकच नव्हती. ट्राममध्ये खिडकीजवळची जागा मिळाली की त्या शेवटच्या स्टॉपपर्यंत बसायचं म्हणायच्या आणि परत त्याच ट्रामने यायचं. रस्त्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याचे नळ होते, प्रत्येक नळाला ओंजळ लावून चव घ्यायच्या आणि नंबर द्यायच्या. बागेतल्या बाकावर बसून म्हणाल्या, "इथं कोनी पुसत नाई, कुठी चालली, कायले चालली. चांगलं हाये."

शुक्रवारी आम्ही शहराच्या मध्यभागी गेलो. तिथल्या चौकातल्या बागेत जांभळ्या फुलांची झुडपं फुलली होती, लायलॅक की काय ती, आणि अख्ख्या चौकात वास भरला होता. एका म्हातारीने बाईंच्या हिरव्या बांगड्या पाहून खुणेने फोटो काढू का विचारलं. बाईंनी पदर सारखा केला, दोन्ही हात पुढे धरले, बांगड्या दिसाव्यात म्हणून. फोटो काढून झाल्यावर म्हातारीने त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. "काय मनली?" त्यांनी मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "तुझ्या बांगड्या सुंदर आहेत म्हणाली." आणि बाईंच्या मागे जाऊन तिने नाक पुसलं.

मी बांगड्यांकडे बघत होते. दहाव्याला त्या फोडणार. कोण फोडेल, तेही मला माहीत होतं.

शनिवारी बाईंनी यजमानांना फोन लावायला सांगितलं. आठवड्यातून एकदा त्या घरच्यांशी बोलायच्या. भासऱ्यांशी त्या फोनवर कधी बोलत नसत. त्यांच्यासाठीचे निरोप यजमानांना द्यायच्या. मी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि मोठ्याने म्हटलं, "बाई बोलतात," म्हणजे यजमान सावध राहतील.

"भाऊजी, धान कसा हाये?"

"बरा हाये, वहिनी."

"मोटर चालून राहिली?"

"चालते."

"आन ते?"

"बांधीत गेले."

"एवढ्या उन्हात? सांगजा त्याइले, दुपारी पान्यात उभं राहू नोका मना. टाचा चिरल्या हायेत त्यांच्या."

"सांगतो," यजमान म्हणाले. त्यांचा आवाज बिघडला तसा मी फोन कानाला लावला आणि लाइन गेली असं म्हणाले. त्या दिवशी सकाळी ते सगळे अस्थी वेचून आले होते.

फोन झाल्यावर बाई मला औषधाच्या दुकानात घेऊन गेल्या. टाचांसाठी मलम घ्यायचं होतं. दुकानातल्या बाईला त्यांनी स्वतःची टाच वर करून दाखवली आणि हाताने "मोठं, लई मोठं" अशी खूण केली. तिने झेंडूच्या फुलाचं चित्र असलेली डबी दिली. बाईंनी ती रुमालात बांधून बॅगेच्या तळाला ठेवली. पुढे दोन पावसाळे ती त्यांनीच वापरली.

मी काय करत होते? मी सगळं वेळेवर करत होते. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर. स्वयंपाक साधा, सूतक असल्यासारखा, पण त्यांना कळणार नाही इतपतच. गोड मी खात नव्हते. "तुले शुगर झाली काय?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, थोडी आहे.

आणि आणखी एक गोष्ट, ती लिहायची की नाही याचा मी बराच विचार केला. मला ते शहर आवडलं. शनिवारी दुपारी आम्ही एका जुन्या कॉफीहाऊसमध्ये बसलो. संगमरवरी टेबल, लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं, काळ्या जाकिटातला वेटर. कॉफीवर साय फेटून घातलेली होती. गोड नव्हती, तरी दोन मिनिटं मी सगळं विसरले. भासरे, अस्थी, फोन, काहीच डोक्यात नव्हतं. ती साय मी चमच्याने शेवटपर्यंत खाल्ली. मग आठवलं. एखाद्याचं दुःख पोटात ठेवून माणूस फिरतो तेव्हा ते सतत दुखत असेल असं वाटतं. तसं नसतं. मधेमधे सुट्टी मिळते.

रविवारी मोठ्या पाळण्यात बसलो. लाल लाकडी डबे असलेला, हळूहळू वर जाणारा पाळणा. खाली चेस्टनटच्या झाडांचा लांबच लांब रस्ता होता, प्रत्येक फांदीवर पांढऱ्या फुलांचे तुरे उभे. बाई खिडकीला नाक लावून बघत होत्या.

"लहाने," त्या म्हणाल्या. मी धाकटी म्हणून त्या मला लहानीच म्हणतात. "त्याइले आनलं पायजे एकदा इथं. येत नाई मनतील. पन मी बसवीन गाडीत."

"हो," मी म्हटलं.

"हो काय? तुझं ध्यान कुठी हाये?"

संध्याकाळी यजमानांचा फोन आला. मी जिन्यात जाऊन घेतला. नागपूरला घ्यायला कोण येणार, हे मला हवं होतं.

"तिचा पोरगा येईल. दुसरं कोन?"

बाईंचा मुलगा म्हणजे अग्नी देणारा, मुंडण केलेला असणार. "त्याचं डोकं?"

"काढलं त. त्याच दिवशी काढलं."

"मग बाई विमानतळाच्या दारातच बघतील."

"टोपी घालंल."

"चव्वेचाळीस डिग्रीत?"

"आता घालंल म्हनते त घालंल. तू कायले फाटे फोडून राहिली? दोन दिवस त राहिले."

मी फोन बंद केला आणि जिन्यातच बसले. माणसं बसून ठरवतात, सगळा विचार करतात, आणि शेवटी सगळं एका टोपीवर येऊन टेकतं. बाईंना नवरा मेल्याचं विमानतळावर मुलाची टोपी वाऱ्याने उडाल्यावर कळलं असतं. त्यापेक्षा शेतात सांगितलेलं बरं.

सोमवारी सकाळी मी त्यांना नेहमीची गोळी दिली. अर्धा तास जाऊ दिला. मग आम्ही घराजवळच्या बागेत गेलो. मुलीला सांगितलं, तू दूध घेऊन ये, सावकाश ये. सुट्टीचा दिवस होता, दुकानं बंद होती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती गेली.

बाकावर ऊन होतं. मी बाईंच्या डावीकडे बसले. पडल्या तर उजव्या हाताने धरता येईल म्हणून.

"बाई, गावाकडे भाऊ गेले. गुरुवारी सकाळी. छातीत दुखलं आणि गेले. त्याच संध्याकाळी पाचला अग्नी दिला."

असंच सांगायचं असतं. आधी नाव, मग गोष्ट, मग वेळ. पाल्हाळ लावलं की माणूस मधल्या शब्दाला लटकून राहतो.

बाई पडल्या नाहीत. त्या समोरच्या वाळूत खेळणाऱ्या लेकरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोन्या गुरुवारी?"

"याच."

त्यांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. "गुरुवारी आपन राजाच्या बगिच्यात होतो."

"हो."

"तिकडचे पाच म्हंजे इथले किती?"

"दीड."

"दीडले मी काय करत होती?"

"डबा खात होत्या. हसत होत्या."

त्यांनी मान हलवली, जशी हिशेब जुळल्यावर हलवतात. "आन तू?"

"तुम्हाला पाणी देत होते."

लेकरांपैकी एक रडू लागलं. त्याची आई धावत आली, त्याला उचलून घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "मले तोंड पाहाचं होतं."

"मी म्हटलं होतं त्यांना. बर्फ आणून ठेवा म्हटलं होतं. दोन दिवस."

"मंग?"

"ऐकलं नाही."

"किती बार मनलं?"

मी खरं सांगितलं. "एकदा."

"एकदा," बाई म्हणाल्या.

त्या मला रागावल्या असत्या, मारलं असतं, तरी चाललं असतं. त्या फक्त तो आकडा परत म्हणाल्या. पुढे दीड वर्ष त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, मीठ दे, गाय सोड, आणि मला प्रत्येक वेळी तो आकडा ऐकू यायचा.

मुलगी रिकाम्या हाताने परत आली. बाईंनी तिला विचारलं, "तुले माहीत होतं?" ती रडायला लागली. "रडू नोको," बाई म्हणाल्या, "तुले कोन इचारलं होतं. हिलेच कोनी इचारलं नाई." मग माझ्याकडे वळल्या. "फोन करून सांगू नोको, मले समजलं म्हनून. त्याइनं मले चार दिस नाई सांगतलं. मी बी एक दिस नाई सांगत."

"कुंकू?" मी विचारलं. मला विचारणं भाग होतं.

"राहू दे. घरी पुसाले बाया बसल्या असतील ना. त्याइचं काम त्याइले करू दे."

दुपारी त्या झोपल्या. संध्याकाळी उठून त्यांनी सामान बांधलं. यजमानांनी फोनवर विचारलं, "सांगतलं त नाई?" मी म्हटलं, "नाही." पाच दिवसांत माझं दोन्हीकडे खोटं बोलून झालं होतं.

मंगळवारी निघालो, बुधवारी दुपारी नागपूरला उतरलो. बाईंचा मुलगा पांढरी टोपी घालून उभा होता, कानापर्यंत ओढलेली, आणि घाम गळ्यावरून शर्टात जात होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. गाडीत पुढे बसल्या. भंडारा मागे पडल्यावर विचारलं, "धान कापाले आला काय?" तो म्हणाला, आठ दिवसांत येईल. "मंग मजूर सांगून ठेव," त्या म्हणाल्या. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. त्याला कळेना की आईला काय झालं आहे. आईला काही माहीत नाही असं त्याला वाटत होतं, आणि आपण बोललो तर फुटेल म्हणून तो दात दाबून गाडी चालवत होता. मी मागून काही बोलू शकले असते. पण बाईंनी सांगू नको म्हटलं होतं.

अंगणात पंधरा-वीस बाया होत्या. गाडी थांबली तशी एकीने हंबरडा फोडला आणि बाकीच्या उठल्या. बाई उतरल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "मले माहीत हाये. पानी द्या." आणि आत गेल्या.

रडणं मधेच थांबलं. मग कुजबुज सुरू झाली. भाऊकीतल्या एका म्हातारीने मला कोपरात धरलं.

"तिले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"परवापासून."

"माहीत होतं त कुंकू लावून काऊन आली? मड्याचं कुंकू मिरवत?"

"तुम्हाला पुसायचं होतं ना," मी म्हटलं. "पुसा."

त्यांनी पुसलं. बाई ओसरीवर बसल्या, तोंड वर केलं आणि पुसू दिलं, जसं लेकरू नाक पुसू देतं. रडल्या नाहीत. त्यावरूनही गावात बोलणं झालं. दगड आहे म्हणाले. परदेश पाहून आली म्हणाले. यजमान मला गोठ्याजवळ गाठून म्हणाले, "तुले सांगू नोको मनलं होतं." मी म्हटलं, "म्हटलं होतं." त्यांचंही डोकं काढलेलं होतं, आणि आठ दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. भाऊ होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठले. अंगण झाडायला घेतलं तर बाई दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन.

"चल," त्या म्हणाल्या.

कुठे, ते विचारावं लागलं नाही. आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत, आणि सुतकातली विधवा तर उंबराही ओलांडत नाही. मी झाडू भिंतीला लावला आणि चपला घातल्या. बांधावरून गेलो, दोन्हीकडे धान पिवळा व्हायला लागला होता. नाल्याच्या काठी एक काळा डाग होता, फुटलेलं मडकं आणि अर्धा जळालेला बांबू. वेचायचं ते सगळं शनिवारीच वेचून नेलं होतं.

बाई डागाच्या कडेला उभ्या राहिल्या. "डोस्कं कोन्या बाजूनं होतं?"

मला माहीत नव्हतं. उत्तर की दक्षिण, हे अंदाजाने सांगता आलं असतं. मी फोन काढून यजमानांना लावला.

"कुठी हायस तू?"

"घाटावर. बाई पण आहेत. भाऊंचं डोकं कुठल्या बाजूला होतं?"

यजमान म्हणाले, "चिंचेकडं."

मी बाईंना चिंच दाखवली. त्या वळसा घालून त्या बाजूला गेल्या आणि राखेत हात न लावता खाली बसल्या. मी अलीकडे बसले. यजमान सायकलवर आले, तेव्हा ऊन चढलं होतं. ते लांबच थांबले आणि म्हणाले, "बाया इथं येत नाहीत."

"आलो आहोत," मी म्हटलं.

आम्ही उठेपर्यंत ते सायकल धरून उभे राहिले.